बसमध्ये न चालणारं यंत्र

हातात धरून खेळायचं यंत्र घराबाहेर चालत नसेल तर ते घ्यायचं कशाला, हे मी बरीच वर्षं लोकांना ऐकवत आले. सोनीने २०२३ च्या नोव्हेंबरात ‘प्लेस्टेशन पोर्टल’ परदेशात विकायला काढला तेव्हा मी त्याची यथेच्छ टिंगल केली. आठ इंची पडदा, दोन्ही बाजूंना कंट्रोलरचे दोन अर्धे भाग, आणि पोटात काहीच नाही. त्यात गेम साठत नाही, डिस्क जात नाही. गेम चालवणार घरातला प्लेस्टेशन ५. त्याचं चित्र वाय-फायवरून या पडद्यावर येणार आणि आपण दाबलेल्या बटणांचा निरोप त्याच वाटेने परत जाणार. दावणीला बांधलेलं जनावर जेवढं हिंडेल तेवढंच हे हिंडणार. आता तेच यंत्र रोज रात्री माझ्या हातात असतं. माझं मत फिरलं त्यात यंत्राचा वाटा थोडा आणि स्वारगेटचा जास्त आहे.

मी साताऱ्याच्या एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते आणि राहते पुण्यात, मुकुंदनगरात. स्वारगेटचा एसटी स्टँड चालत जाण्याच्या अंतरावर, आठवड्यातले बहुतेक दिवस अप-डाउन. घरी प्लेस्टेशन ५ आहे, कागदोपत्री तो मुलाचा. दहावी झाल्यावर त्याला घेऊन दिला, असं नातेवाइकांना सांगितलं जातं. पण २०२४ च्या एप्रिलमध्ये त्याचं स्लिम मॉडेल भारतात आलं तेव्हा डिस्कवालं ५४,९९० रुपयांना घ्यायचं की बिनडिस्कचं ४४,९९० ला, यावर घरात सर्वांत जास्त डोकं चालवलं ते मी. डिस्कवालं घेतलं. गेम खेळून झाला की डिस्क विकता येते, आणि विकता येणाऱ्या वस्तूला पुण्यात नेहमीच थोडा जास्त मान असतो.

माझं जुनं मत हवेतून आलेलं नव्हतं. शाळेत असताना हाती आला तो ‘ब्रिक गेम’. राखाडी पडदा, खोक्यावर ‘९९९९ इन १’ असं छापलेलं, आणि आत खरे वेगळे खेळ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पेन्सिल सेल दम तोडेपर्यंत ठोकळे रचत बसायचं. टीव्हीला जोडायचा कॅसेटवाला गेम घरात होता, पण त्याच्यावर भावाचा ताबा. ब्रिक गेम माझा राहिला कारण तो दप्तरात लपायचा. पुढे नोकरी लागल्यावर सोनीचा पीएसपी घेतला. स्वारगेटहून रात्रीची कोल्हापूर गाडी, खिडकीची जागा, गाडीतले दिवे मालवलेले आणि हातात साडेचार इंचांहूनही लहान पडदा. पहाटे कोल्हापूरच्या स्टँडवर उतरायचे तेव्हा अंगठे भरून आलेले असायचे. माहेरी पोचायच्या आधीच माहेरपण सुरू व्हायचं, कारण त्या प्रवासात मला कुणी काही मागत नव्हतं. हातातला गेम म्हणजे एसटी, हे समीकरण तेव्हा पक्कं झालं.

त्याला पुढे मी इतिहासाचीही जोड दिली. निन्टेन्डोचा गेम बॉय १९८९ चा. त्याचे कर्ते गुनपेई योकोई यांचा आग्रह असा, की जुनं होऊन स्वस्त झालेलं तंत्र नव्या कामाला लावायचं. म्हणून पडदा हिरवट, रंग नाहीत, पण चार सेलवर तो पंधराएक तास चालायचा. सेगाच्या गेम गिअरला रंगीत पडदा होता आणि तो सहा सेल तीन-चार तासांत गिळायचा. सेगाने १९९५ मध्ये ‘नोमॅड’ काढला. घरच्या यंत्राची कॅसेट जशीच्या तशी त्यात बसायची, म्हणजे कागदावर आदर्श जोडी. बॅटरीच्या बाबतीत तो गेम गिअरहूनही खादाड. निन्टेन्डोनेच २०१२ च्या ‘वी यू’सोबत पडदा असलेला कंट्रोलर दिला. टीव्ही दुसऱ्या कुणाला हवा असेल तर गेम त्या पडद्यावर खेळा. मात्र यंत्रापासून फार लांब जायचं नाही. वी यू सव्वा-दीड कोटीच्या आसपास खपला आणि थांबला. २०१७ मध्ये आलेल्या ‘स्विच’ने टीव्हीखालचं यंत्रच उचलून हातात दिलं आणि त्याचा खप पंधरा कोटींच्या पुढे गेला. एवढा पुरावा हातात असताना दावणीची बाजू कोण घेईल? संख्याशास्त्र शिकवणारी बाई तर नाहीच.

तेव्हा प्लेस्टेशनच्या जोडीला स्विच घ्यायचा, हे मनाशी ठरलेलं होतं. त्यात एक जुना हिशेबही बाकी होता. ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा गेम पुण्यातल्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने बनवला. राजस्थानी किल्ले, भिंतींवरची चित्रं, दुर्गा आणि विष्णू सांगतात ती कथा. २०२० च्या ‘द गेम ॲवॉर्ड्स’मध्ये नवोदितांच्या विभागात त्याला नामांकनही मिळालं. हा गेम २०२० च्या ऑगस्टमध्ये सर्वांत आधी आला तो स्विचवर, आणि स्विच भारतात अधिकृतपणे विकलाच जात नव्हता. पुण्यात शिजलेलं पुण्यात वाढायला ऑक्टोबर उजाडला, तो प्लेस्टेशन ४ वर आला तेव्हा. ते दोन महिने मी जरा जास्तच मनाला लावून घेतले होते.

मग एके दिवशी स्वारगेटहून मेट्रोने एक स्टेशन, मंडई, आणि तिथून पायी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तपकीर गल्ली. हा भुयारी मार्ग २०२४ च्या सप्टेंबरअखेर सुरू झाल्यापासून तपकीर गल्लीत जाणं हे काम राहिलेलं नाही, निमित्त पुरतं. बाहेरून आणलेले स्विच मिळत होते. “वॉरंटी?” विचारल्यावर काउंटरमागचा मुलगा म्हणाला, “मॅडम, वॉरंटी आपली. काही झालं तर घेऊन या, बघू.” त्या ‘बघू’चा अर्थ पुण्यात वेगळा सांगावा लागत नाही. दुसरा पर्याय असूसच्या ‘आरओजी अलाय’सारख्या यंत्रांचा. ही अधिकृतपणे मिळतात. अलाय २०२३ च्या जुलैत आला तेव्हा त्याची किंमत ६९,९९० होती, म्हणजे जोडीदार मूळ यंत्राहून महाग. शिवाय तो विंडोजवाला संगणक. प्लेस्टेशनसाठी विकत घेतलेला गेम त्याच्यासाठी पुन्हा विकत घ्यायचा, आणि बहुतेक गेममध्ये इथली प्रगती तिथे जात नाही. घरी अर्धा डोंगर चढलात, तर बसमध्ये पुन्हा पायथ्यापासून.

इथे मला पहिली शंका आली. ‘जोडी’ म्हणून मी जे शोधत होते त्यात जोडण्यासारखं काय होतं? दोन वेगळी यंत्रं, दोन वेगळी दुकानं, अर्धवट खेळलेल्या गेमचे दोन ढीग. पीएसपीनंतर आलेल्या ‘व्हिटा’च्या काळात सोनीने काही गेम एकदा विकत घेऊन दोन्हीकडे खेळायची सोय ठेवली होती. त्या व्हिटाचं उत्पादन २०१९ मध्येच बंद झालं. स्विच घेतला असता तर मजा आली असती, यात मला आजही शंका नाही. पण तो प्लेस्टेशनचा जोडीदार झाला नसता. तो शेजारी झाला असता.

तरी मी स्विचच घेतला असता. अडवलं ते वहीने. विद्यार्थ्यांना वेळेच्या वापराची नोंद ठेवायचा प्रकल्प दिला होता, तेव्हा म्हटलं आपणही ठेवू. हात रिकामे, डोकं जागं आणि कुणाची हाक येणार नाही, अशी अर्धा तासाची सलग वेळ कुठे कुठे सापडते, एवढंच लिहायचं. माझी खात्री होती की बहुतेक नोंदी एसटीतल्या असतील.

एसटीच्या रकान्यात जवळजवळ काहीच आलं नाही.

कारणं लिहायला घेतली तर ती सगळी ओळखीची होती, फक्त मी ती कधी एकत्र पाहिली नव्हती. चाळिशी लागल्यापासून मला बस लागते. कात्रजचा बोगदा ओलांडून शिरवळपर्यंत ठीक. खंबाटकीच्या वळणांत चार ओळींचा मेसेज वाचला तरी तोंडाला पाणी सुटतं. सकाळच्या विनाथांबा गाडीत जागा मिळाली तर मी झोपते, आणि ती झोप मला गेमपेक्षा प्रिय आहे. २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं त्याचा मला आनंदच आहे, पण गर्दीही वाढली. मांडीवर पर्स, पर्सवर डबा, डब्यावर तपासायचे पेपर. त्यावर यंत्र ठेवायला जागा नाही.

आणि एक कारण असं, की ते मी वहीत लिहिलं आणि मग बराच वेळ पुढे काही लिहिलं नाही. हातातल्या यंत्रांच्या जाहिरातीत एक तरुण मुलगा असतो. विमानतळ, आगगाडी, स्टेशनचा बाक. कानात हेडफोन, नजर पडद्यात, जगाशी संबंध नाही. मी पहाटे स्वारगेटच्या फलाटावर उभी असते. २०२५ च्या फेब्रुवारीत तिथे पहाटेच्या वेळी उभ्या असलेल्या शिवशाहीत एका तरुणीवर अत्याचार झाल्याची बातमी आली. त्याआधीही मी तिथे कान झाकून, मान खाली घालून कधी उभी राहत नव्हते. त्यानंतर तर नाहीच. कोण मागे आहे, कोण फार वेळ बघतंय, गाडी खरंच लागली आहे की कुणीतरी नुसतं सांगतंय, याकडे लक्ष ठेवणं हे तिथलं माझं काम असतं. खेळायचं म्हणजे आजूबाजूचं भान काही काळ सोडून द्यायचं. ते सोडायची मुभा मला त्या जागी नाही. कोल्हापूरच्या गाडीत ती होती असं मला वाटायचं. कदाचित तेव्हा मी फक्त कमी घाबरत होते.

मेट्रोचा प्रश्नच नव्हता. स्वारगेटहून मंडईपर्यंत जाताना यंत्र पिशवीतून काढून होतं आणि परत पिशवीत घालायची वेळ येते.

मग अर्धे तास सापडले कुठे? घरीच. रात्री नऊनंतर, ओटा आवरून झाल्यावर. गंमत अशी की त्याच वेळी घरातला सर्वांत चांगला पडदा माझ्या वाट्याला कधी येत नाही. साडेसातपासून आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, मालिका. त्या संपल्या की बातम्या. आयपीएल असेल तर नवरा आणि मुलगा यांची युती, आणि युतीपुढे माझं काही चालत नाही. पन्नास हजारांचं यंत्र टीव्हीखाली बसून असतं आणि त्याला तोंड नसतं. मला दुसरं यंत्र नको होतं, असलेल्या यंत्राला दुसरा पडदा हवा होता. ज्याची टिंगल केली होती ते नेमकं एवढंच करत होतं.

तरीही मी लगेच शरण गेले नाही. नवऱ्याने सुचवलं, आतल्या खोलीत एक लहान टीव्ही लावू, बारा-तेरा हजारांत येईल. पण टीव्ही लावला की तो सगळ्यांचा होतो. आठवड्याभरात तिथेही कुणीतरी उशी घेऊन आलं असतं. मुलगा म्हणाला, “आई, फोनवर रिमोट प्लेचं ॲप फुकट आहे, पोर्टल कशाला?” त्याचं खरं होतं. मी ते वापरून पाहिलं, कंट्रोलर फोनला चिमट्याने अडकवून. गेम चालतो. पण फोन हा फोनच राहतो. गेममधलं गाव जळत असताना वरून ‘उद्याची सुपरव्हिजन कुणाची?’ असा विभागाच्या ग्रुपचा मेसेज येतो. पोर्टलवर फोन येत नाही, बँकेचे ओटीपी येत नाहीत, रील दिसत नाहीत. जे रितेपण मी दोष म्हणून मोजलं होतं त्यासाठी मी शेवटी पैसे दिले.

भारतात तो २०२४ च्या डिसेंबरमध्ये १८,९९० रुपयांना आला. एका माजी विद्यार्थ्याने काही दिवस वापरायला दिला आणि मग मी माझा घेतला. पहिल्या संध्याकाळी चित्राचे तुकडे पडत होते. मी ‘सांगितलं नव्हतं?’ म्हणायच्या तयारीत होते, तेवढ्यात मुलाने प्लेस्टेशन आणि राउटर वायरने जोडले. सोनी किमान ५ एमबीपीएस आणि नीट चालायला १५ एमबीपीएस सांगते. घरातल्या घरात ते अवघड नाही. खरी अडचण असते ती हवेतल्या दोन टप्प्यांची. प्लेस्टेशनकडून राउटरकडे वायर टाकली की एक टप्पा हवेतून जमिनीवर येतो. राउटरच्या ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर पोर्टल ठेवला की दुसराही सुधारतो, फक्त मध्ये भिंती कमी हव्यात. आमच्या बेडरूममध्ये एक भिंत आहे, चालतं. बाल्कनीत दोन, तिथे नाही. उन्हाळ्यात बाल्कनीत बसून खेळायचं स्वप्न तिथेच मिटलं.

दुसरी अडचण तंत्राची नव्हती. पोर्टलला प्लेस्टेशन जागं करता यावं म्हणून ते पूर्ण बंद करायचं नसतं, ‘रेस्ट मोड’मध्ये ठेवायचं. मग त्याच्यावर एक केशरी दिवा जळत राहतो. आई झोपायला जाण्याआधी घरभर फिरून सगळी बटणं बंद करतात. त्यांच्या नियमात जळणारा दिवा म्हणजे जळणारे पैसे. मी आत अंगावर चादर घेऊन गेममध्ये, बाहेर आईंचा हात बटणावर, आणि माझ्या पडद्यावर ‘संपर्क तुटला’. “अगं, पण तू तर आत होतीस. इथे कोण खेळत होतं?” त्यांचा प्रश्न बिनतोड होता. त्याचं उत्तर समजावून सांगताना मला स्वतःला ते यंत्र पहिल्यांदा नीट कळलं.

सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. ब्लूटूथचे इअरफोन त्याला चालत नाहीत. वायरवाले शोधून काढावे लागले. डिस्कवरचा गेम खेळायचा तर डिस्क बाहेरच्या यंत्रात असावी लागते, म्हणजे गेम बदलायला उठून हॉलमध्ये जा आणि मालिकेच्या ऐन क्षणी टीव्हीसमोर वाका. परदेशात त्याला एक वाट फुटली आहे: वरच्या दर्जाचं सदस्यत्व घेतलं की सोनीच्या सर्व्हरवरूनच गेम येतो, घरचं यंत्र लागत नाही. मी पोर्टल घेतला तेव्हा ते सदस्यत्व भारतात मिळत नव्हतं. बटण दाबणं आणि पडद्यावर घडणं यात केसभर अंतर पडतं ते वेगळं. तलवारबाजीत नेमक्या क्षणी वार अडवायचा असेल तर ते जाणवतं; ते गेम मी रविवारी दुपारी टीव्हीवर खेळते, घर झोपलेलं असताना. ‘ॲस्ट्रो बॉट’ मात्र पोर्टलवर सुरेख चालतो, पायाखालची वाळू आणि काच हातात वेगवेगळी जाणवते. ‘राजी’ मी पुन्हा खेळले, यावेळी आडवी पडून.

हातातलं यंत्र स्वतंत्र असावं हा माझा सिद्धांत अजून पूर्ण मोडलेला नाही. स्वारगेटच्या आसपास, पर्वती पायथ्याला, पेठांत कॉटबेसिसवर राहणारी मुलं आहेत. त्यांच्याकडे टीव्ही नाही, वाय-फाय दहा जणांत वाटलेलं. त्यांना पोर्टल म्हणजे चेष्टा होईल. त्यांनी स्विचसारखं काहीतरी जुनं, स्वस्तात मिळालं तर घ्यावं, किंवा पैसे असतील तर अलायसारखा संगणकच, म्हणजे त्यावर प्रकल्पही टाइप होईल. लांब पल्ल्याच्या बसमध्ये ज्याला बस लागत नाही आणि आजूबाजूला बघत राहायची गरज वाटत नाही, त्याचंही उत्तर वेगळं. मी आता समोरच्याला आधी गेमविषयी विचारत नाही. रात्री तुमच्या घरी टीव्ही कुणाकडे असतो, हे विचारते.

गेल्या महिन्यात विभागातल्या एका सहकारी मॅडमनी विचारलं. त्या कोरेगावहून साताऱ्याला येतात, मुलीच्या नावाने प्लेस्टेशन घ्यायचा विचार आहे, आणि त्याच्यासोबत हातातलं काय घ्यावं ते मी सांगावं. मी टीव्हीचा प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, “आमच्याकडे टीव्ही कुणी लावतच नाही हो, सगळे आपापल्या फोनवर.” त्यांना मी सांगितलं, प्लेस्टेशन घ्या आणि बाकीचे पैसे ठेवा.